केशरी दिवा



पत्रिकेच्या या पानावर आम्ही दरवर्षी निकाल, वृक्षारोपण, नवीन बाके आणि देणगीदारांचे आभार असे लिहीत आलो आहोत. यावेळी एका लहानशा पेटीविषयी लिहिणार आहोत. ही पेटी जिन्याखालच्या जाळीच्या कपाटात आहे. येता-जाता तुम्ही सर्वांनी ती पाहिली असेल, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नसेल. आमचेही नव्हते. त्यापायी आमच्या हातून एका माणसावर अन्याय झाला. तो दुरुस्त झाला असला तरी त्याची हकीकत शाळेच्या पानावर असावी असे आम्हाला वाटते.

आधी एक कबुली. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेही कला शाखेत. हैदराबादला काकांच्या घरी राहून आम्ही बी. ए. केले. मराठी ही घरची भाषा, कन्नड ही कचेरीची, आणि विज्ञान मात्र दहावीनंतर सुटले ते सुटलेच. त्यामुळे व्होल्ट, वॅट असे शब्द खाली जेथे येतील तेथे ते आपल्या संगणक शिक्षिका मॅडमनी आणि नववीच्या तीन विद्यार्थ्यांनी आम्हाला शिकवलेले आहेत असे समजावे. चूक दिसल्यास ती आमची.

कर्नाटकात मार्च २०२४ पासून दहावीच्या परीक्षेचे वेबकास्टिंग सुरू झाले. परीक्षेच्या खोलीतील कॅमेऱ्याचे चित्र थेट जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेले अधिकारी पाहतात. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० टक्क्यांवर आला, तोही वाढीव गुण देऊन. पुढे २०२५ मध्ये आपल्या शेजारचा कलबुर्गी जिल्हा राज्यात सर्वांत शेवटी राहिला. कॅमेऱ्यामुळे निकाल पडला असे काही पालक म्हणतात. कॅमेरा उत्तरे पुसत नाही, एवढेच आम्ही त्यांना सांगतो. ते असो. आपली शाळा परीक्षा केंद्र आहे. बसवकल्याण आणि आळंद या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवरच्या मुली येथे पेपर देतात. केंद्र गेले तर त्यांना सकाळची एकुलती एक बस धरून दूर जावे लागेल, आणि काही घरी तर ‘मग नकोच परीक्षा’ असाही निर्णय होईल. म्हणून सुत्तोले हाती पडताच (आपल्याकडे परिपत्रकाला आता मराठी माणूसही सुत्तोलेच म्हणतो) विश्वस्तांनी ठरवले की कॅमेरे चांगले बसवायचे. जुन्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने पैसे उभे केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दसऱ्याच्या सुट्टीत काम झाले. परीक्षेच्या चार खोल्यांत चार कॅमेरे, बाहेर तीन : पुढचे फाटक, व्हरांडा आणि मागचे फाटक. एकूण सात.

सात कॅमेऱ्यांना सात ठिकाणी वीज द्यायची म्हणजे सात प्लग, सात अडॅप्टर, आणि भिंती फोडून ओढलेल्या वायरी. मॅडम म्हणाल्या, “सर, याची गरज नाही. एकच केबल पुरते. चित्रही त्याच केबलीतून येते आणि वीजही त्याच केबलीतून जाते.” आमचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी आम्हाला जुन्या टेलिफोनची आठवण करून दिली. घरातली वीज दिवसभर गेलेली असली तरी काळा फोन वाजायचा. तो कशावर चालायचा? एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असे, तिची ४८ व्होल्टची वीज त्याच दोन तारांतून घरापर्यंत येई, आणि त्याच तारांतून बोलणेही होई. आमचे अर्धे आयुष्य तो फोन वापरण्यात गेले, पण हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

संगणकाच्या केबलीवर असे करण्याचा पहिला सर्वमान्य नियम २००३ साली झाला. या पद्धतीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’, थोडक्यात पीओई म्हणतात. केबलीत आठ बारीक तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. त्या नियमाप्रमाणे स्विचच्या एका पोर्टमधून जास्तीत जास्त १५.४ वॅट वीज निघते. वाटेत तारेतच थोडी खर्च होऊन पलीकडच्या यंत्राच्या वाट्याला १२.९५ वॅट धरावी लागते. २००९ च्या नियमात हा आकडा पोर्टला ३० वॅटपर्यंत गेला आणि २०१८ मध्ये आणखी वाढला. केबल मात्र १०० मीटरपेक्षा लांब नसावी.

विद्यार्थी मित्रांनो, यातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. स्विच कोणालाही सरसकट वीज देत नाही. केबल जोडली की तो आधी अगदी थोडा, म्हणजे १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दाब लावून चाचपणी करतो. पलीकडच्या यंत्रात २५ हजार ओहमचा ठराविक अवरोध आढळला तरच तो ओळखतो की हे आपले माणूस आहे. मग त्याला साधारण किती वीज लागेल हे विचारतो आणि त्यानंतर पूर्ण दाब सोडतो. आपल्याकडे रात्री कोणी कडी वाजवली तर दार किलकिले करून “कोण?” म्हणून विचारतात, तसेच हे. त्यामुळे चुकून त्यात साधा संगणक लावला तरी तो जळत नाही. बाजारात काही स्वस्त डब्या मिळतात, त्या न विचारताच २४ व्होल्ट सोडून मोकळ्या होतात. अशा डबीला भलते यंत्र जोडू नये.

इथरनेट हे नाव १९७३ सालचे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी ते सुचवले. प्रकाश ज्यातून वाहतो असे पूर्वी मानत त्या ईथरवरून ते घेतलेले आहे. आपल्या विज्ञानाच्या सरांनी सांगितले की तो ईथर १८८७ च्या प्रयोगात शोधूनही सापडला नव्हता. नसलेल्या गोष्टीचे नाव असे टिकून राहिले.

आता आपली पेटी. आम्हाला ती आमच्या केबिनमध्ये हवी होती, मुख्याध्यापकांच्या खोलीत शोभेल म्हणून. पण मॅडमनी पोरांना टेप देऊन अंतरे मोजून घेतली, तर केबिनपासून पुढच्या फाटकाचे अंतर भिंतींवरून वळत-वळत ११८ मीटर भरले. जिन्याखालून मोजल्यावर सर्व कॅमेरे ९० मीटरच्या आत आले. वायरमन म्हणत होता, “स्विचवर ‘एक्स्टेंड’चे बटण आहे, ते दाबले की २५० मीटरपर्यंत चालते.” ते खरे आहे, पण ते बटण दाबल्यावर वेग १० मेगाबिटवर येतो, हे त्याने सांगितले नाही. म्हणून पेटी जिन्याखाली गेली, प्रयोगशाळेच्या जुन्या जाळीच्या कपाटात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा बंद कपाटापेक्षा जाळीचे बरे. ही जाळी पुढे महत्त्वाची ठरली.

पेटीला वीज देणारे आठ पोर्ट आहेत आणि सर्वांना मिळून ६० वॅट. वायरमनने खोल्यांचे चार कॅमेरे एक ते चारमध्ये, फाटक आणि व्हरांडा पाच-सहामध्ये लावले. पुढे वायफाय बसवायचे म्हणून सातवा पोर्ट मोकळा ठेवला आणि मागच्या फाटकाचा कॅमेरा आठव्यात लावला. दिवे लुकलुकू लागले. पेढे वाटले. पेटीसोबत आलेले इंग्रजी माहितीपत्रक आम्ही स्वतः घडी करून आमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातले.

दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, शिक्षकांसाठी वायफायचा ॲक्सेस पॉइंट सातव्या पोर्टला लागला. आणि त्याच आठवड्यापासून मागच्या फाटकाचा कॅमेरा रोज संध्याकाळी बंद पडू लागला. सकाळी उजाडले की आपोआप सुरू. दिवसा कितीही वेळा पाहा, चित्र स्वच्छ.

मागच्या फाटकाशी रात्री कोण असते? आपले रात्रपाळीचे मामा. शाळेत बावीस वर्षे झाली त्यांना. दिवाळीच्या बक्षिसीवरून त्यांची आणि कार्यालयाची थोडी बोलाचाली झाली होती, आणि त्यानंतर लगेच कॅमेरा बंद पडू लागला, हे सर्वांच्या लक्षात होते. मग डिसेंबरात एका रात्री बोअरच्या मोटारीची तांब्याची केबल कोणीतरी कापून नेली. मागच्याच बाजूने. कॅमेऱ्यात काही नाही, कारण कॅमेरा बंद.

विश्वस्तांच्या बैठकीत विचारणा झाली. ती व्हायलाच हवी होती, त्यात त्यांचे काही चुकले नाही. आम्ही मामांना बोलावले. ते म्हणाले, “म्या हातबी लावत नाय सर. उलट रातच्याला त्या जाळीच्या कपाटात एक केशरी दिवा लागतंय बघा. दिवसा नसतंय. दसऱ्यापासनं लागतंय. आदी सांगीन म्हनलं, पर तुमी घाईत असता.”

आम्ही म्हणालो, “मामा, दिव्याचे राहू द्या. कॅमेऱ्याचे बोला.”

हे वाक्य आम्हाला जसेच्या तसे आठवते.

मग आम्ही त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. ती मराठीत होती. मामांना वाचता येते ते कन्नड. बोलणे मराठी, वाचणे कन्नड, अशी आपल्या भागात हजारो माणसे आहेत. तरी आम्ही नोटीस मराठीत टंकून दिली आणि एका शिक्षकांनी ती त्यांना व्हरांड्यात उभे राहून वाचून दाखवली. मुले खिडकीतून पाहत होती. त्यांनी कन्नडमध्ये सही केली आणि रात्री नेहमीप्रमाणे कामावर आले.

जानेवारी २०२५ मध्ये स्नेहसंमेलन झाले. त्या रात्री कॅमेरा बंद पडला नाही. मागच्या फाटकापर्यंत सारे अंगण दिव्यांनी उजळलेले, आणि मामा मंडपात खुर्च्या लावण्यात गुंतलेले. आम्ही मनात म्हणालो, पाहा, आज मामांना सवड नाही तर कॅमेरा कसा ठणठणीत! आमच्या शंकेला आम्ही पुराव्याचा शिक्का मारला. एखाद्याविषयी मन एकदा वाकडे झाले की त्याच्या निर्दोषपणाचा पुरावासुद्धा उलटा दिसतो, हे आम्ही वर्गात मुलांना अनेकदा सांगितले असेल.

संमेलनानंतर संगणक मॅडम आमच्याकडे आल्या. त्यांच्याबरोबर नववीतली एक मुलगी होती. तिने रेकॉर्डिंगच्या यंत्रात नोंदलेल्या ‘चित्र गेले’च्या वेळा वहीत उतरवून काढल्या होत्या. २० नोव्हेंबर, ५ वाजून ५५ मिनिटे. २० डिसेंबर, ६ वाजून १ मिनिट. २० जानेवारी, ६ वाजून १९ मिनिटे. ती म्हणाली, “सर, माणूस रोज बटण बंद करत असेल तर वेळ मागेपुढे होईल. ही वेळ नुसती पुढे सरकतेय. सूर्यासारखी.” तिने घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून सूर्यास्ताच्या वेळा घेतल्या होत्या. त्या मुंबईच्या होत्या. आपला भाग मुंबईच्या पूर्वेला चार अंशांहून किंचित अधिक, एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे आपल्याकडे सूर्य १६ मिनिटांच्या आसपास आधी मावळतो, हा हिशोबही तिने भूगोलाच्या सरांना विचारून केला होता. कॅमेरा रोज सूर्यास्तानंतर दहा-बारा मिनिटांनी बंद पडत होता. ढगाळ दिवशी थोडा आधी.

वहीच्या शेवटी दोन तारखांभोवती तिने पेनाने चौकट केली होती. त्या दोन दिवशी मामा लेकीकडे उमरग्याला गेले होते. रजेच्या अर्जावर मंजुरीची सही आमचीच. त्या दोन्ही संध्याकाळी कॅमेरा ठरल्या वेळी बंद पडला होता.

आम्ही काही बोललो नाही. मॅडमच म्हणाल्या, “आपण एकेक करून पाहू या.”

त्या पाहण्याची पद्धत इतकी साधी होती की आम्हाला लाज वाटली. दोष कॅमेऱ्यात असू शकतो, केबलीत असू शकतो, पोर्टमध्ये असू शकतो. त्यांनी फक्त पेटीकडची दोन टोके अदलाबदल केली. मागच्या फाटकाची केबल एक नंबरच्या पोर्टमध्ये, आणि पहिल्या खोलीची आठव्यात. बाकी काही हलवले नाही. संध्याकाळी आम्ही सर्व जिन्याखाली उभे राहिलो. मामाही होते, जरा दूर. सूर्य मावळला. दहा मिनिटांनी पहिल्या खोलीचे चित्र गेले. मागच्या फाटकाचे शाबूत राहिले! म्हणजे कॅमेरा चांगला, केबल चांगली. दोष आठव्या पोर्टचा.

नववीतला एक मुलगा म्हणाला, “मग पोर्ट खराब आहे.” मॅडम म्हणाल्या, “खराब असता तर दिवसा कसा चालला असता?” दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी वायफायची केबल काढून ठेवली. आठवा पोर्ट रात्रभर चालला. तिसऱ्या संध्याकाळी परत लावली, परत बंद.

मग आम्ही टेबल उचलले आणि पायाखालचे माहितीपत्रक काढले.

कॅमेरा दिवसा जवळपास ४ वॅट वीज खातो. अंधार झाला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त किरणांचे दिवे लागतात आणि तोच कॅमेरा ८ वॅट खातो. वायफायला ११ वॅट. आता हिशोब करा. दिवसा सात कॅमेऱ्यांचे २८ आणि वायफायचे ११, मिळून ३९. काही अडचण नाही. शाळा सुटल्यावर खिडक्या लावल्या की खोल्यांत आधीच अंधार होतो. तेथील चार कॅमेरे रात्रीच्या रीतीवर जातात : त्यांचे ३२, बाहेरच्या तिघांचे १२, वायफायचे ११, मिळून ५५. अजूनही ६० च्या आत. मग अंगणात अंधारते. बाहेरचा एक कॅमेरा दिवे लावतो, ५९. दुसरा लावतो, ६३. पेटीची ऐपत ६०. अशा वेळी ती सर्वांत शेवटच्या पोर्टची वीज तोडते, कारण तिच्या लेखी एक नंबर सर्वांत महत्त्वाचा आणि आठ नंबर सर्वांत कमी. उजाडले की दिवे विझतात, भार उतरतो, आठवा पोर्ट पुन्हा जिवंत होतो. स्नेहसंमेलनाच्या रात्री अंगणात उजेड असल्यामुळे बाहेरच्या कॅमेऱ्यांनी दिवे लावलेच नाहीत. ५५ च्या वर भार गेलाच नाही.

आणि केशरी दिवा? त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘पीओई मॅक्स’ असे लिहिलेले आहे. माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर आहे : एकूण भार मर्यादेच्या ७ वॅट अलीकडे आला की हा दिवा लागतो. म्हणजे ५३ ला. दसऱ्यानंतर वायफाय नव्हते तेव्हाही रात्री सात कॅमेऱ्यांचे ५६ होत होते. पेटी तेव्हापासून रोज रात्री सांगत होती. आम्ही सहाच्या आत घरी जातो. शाळेत रात्री फिरणारा एकच माणूस होता, त्याने जाळीतून तो दिवा पाहिला आणि आम्हाला येऊन सांगितलाही होता.

दुरुस्तीला एक पैसा लागला नाही. खोल्यांच्या चार कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे मॅडमनी संगणकावरून बंद केले. कुलूप लावलेल्या रिकाम्या वर्गात रात्री काय पाहायचे? आता रात्रीचा भार असा : बाहेरच्या तिघांचे २४, खोल्यांचे १६, वायफायचे ११, मिळून ५१. मोठी पेटी घ्यावी असा विचार एका विश्वस्तांनी मांडला होता, तो आम्ही पुढच्या वर्षावर टाकला. आणखी एक कॅमेरा वाढवायचा झाला तर मात्र लागेल. पालकांपैकी ज्यांनी दुकानात किंवा शेतात असे कॅमेरे लावले असतील त्यांनी पेटी घेताना किती पोर्ट हे तर पाहावेच, पण सर्वांना मिळून किती वॅट हेही विचारावे, आणि कॅमेऱ्याचा रात्रीचा आकडा धरून बेरीज करावी. दुकानदार दिवसाचा आकडा सांगतो.

एवढ्यावर सारे मिटले असेही नाही. व्हरांड्याचा कॅमेरा अधूनमधून स्वतःच बंद होऊन चालू होत असे. तेथे अदलाबदल केली तर दोष केबलीबरोबर फिरला. पाइपातून केबल ओढून काढली तर मध्येच दोन तुकडे पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली! पावसाचे पाणी जाऊन जोड हिरवा पडला होता. शिवाय उरलेल्या तुकड्याचे टोक ब्लेडने खरवडले तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम निघाले. पैसे अस्सल तांब्याचे मोजले होते. तो पल्ला पूर्ण बदलला. नवीन केबलीचे टोक मुलांनी स्वतः बांधले : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम नववी ‘ब’ला आता पाढ्यासारखा पाठ आहे.

आणि एके दिवशी सर्वच ठप्प झाले. पेटीचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत होते, ना कॅमेरा ना वायफाय. शोध घेता कळले की सातवीतल्या एका सद्गृहस्थांना केबलीचे एक टोक लोंबकळताना दिसले. ‘अव्यवस्थित दिसते’ म्हणून त्यांनी ते जवळच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचून ठेवले. दुसरे टोक आधीच त्याच पेटीत होते. निरोप गोल गोल फिरत राहिले आणि पेटीला श्वास घ्यायला जागा उरली नाही. त्या मुलाला आम्ही रागावलो नाही. स्वच्छतेचे बक्षीस यंदा त्यालाच आहे.

९ फेब्रुवारी २०२५, रविवारी, विश्वस्तांच्या बैठकीत आम्ही नोटीस मागे घेत असल्याचे लेखी दिले आणि ती चूक आमची, कार्यालयाची नव्हे, असे इतिवृत्तात लिहवून घेतले. हिंदीत म्हणतात ना, दूध का दूध और पानी का पानी. पण पाणी आमच्या बाजूला निघाले. हे पत्र यावेळी कन्नडमध्ये केले. ज्या व्हरांड्यात नोटीस वाचली होती तेथेच, शाळा भरलेली असताना, नववीतल्या त्या मुलीने ते वाचून दाखवले. मामांनी कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. आम्ही हात जोडले. ते म्हणाले, “असू द्या की सर.” थोडे थांबून म्हणाले, “पर लेकीच्या सासरी कळलं होतं.” आम्ही दुसऱ्या आठवड्यात उमरग्याला जाऊन त्यांच्या व्याह्यांना भेटून आलो. चहा झाला. तेथे काय बोलणे झाले ते येथे लिहीत नाही.

बोअरची केबल कोणी नेली ते अद्याप कळलेले नाही.

मार्च २०२५ ची दहावीची परीक्षा सर्व दिवस विनाअडथळा पार पडली. चारही खोल्यांचे चित्र जिल्ह्याला नीट पोचले आणि केंद्र आपल्याकडेच राहिले. पेटीचे माहितीपत्रक आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे, आणि मॅडमनी मुलांकडून त्याचे मराठी व कन्नड करून घेतले आहे. टेबलाच्या पायाखाली आम्ही पुठ्ठा घातला आहे. कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत, एक मॅडमकडे आणि दुसरी मामांकडे. दरवर्षी पहिल्या पावसाच्या आत अर्थिंग आणि बाहेरच्या तीन केबलींची विजेपासूनची सोय तपासून घ्यायची आहे. ज्या पालकांना या कामातले कळते त्यांनी मे महिन्यात एक दिवस द्यावा, ही विनंती.

रात्रीच्या फेरीची वही पूर्वी तीन रकान्यांची होती : वेळ, फाटक, सही. मामांनी त्यात पट्टीने रेघ मारून चौथा रकाना वाढवला आहे. त्याच्या डोक्यावर कन्नडमध्ये ‘दीप’ असे लिहिले आहे आणि खाली रोज रात्री एकच शब्द : इल्ला.